शिकागोजवळच्या गॅलोपिंग घोस्ट आर्केडमध्ये एकच दिवस मिळणार असेल, तर कोणती जुनी यंत्रे पाहावीत?

प्रश्न : जालनेकर

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल या गावी राहतात आणि येत्या जूनमध्ये मी व माझे यजमान प्रथमच त्यांच्याकडे जात आहोत. त्यांच्या घराजवळून लोकलने जाता येईल अशा ब्रुकफील्ड या उपनगरात गॅलोपिंग घोस्ट नावाचे आर्केड आहे, तेथे व्हिडिओ गेमची नऊशेहून अधिक यंत्रे मांडलेली आहेत आणि दादाने त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. माझा प्रश्न त्या एका दिवसाबद्दल आहे.

१९९५-९६ च्या सुमारास जालन्यात आमच्या शाळेच्या वाटेवर व्हिडिओ गेमचे एक लहान दुकान होते. आत चार यंत्रे होती आणि पडद्यांवर ऊन पडू नये म्हणून दाराला गोणपाट लावलेले असे. दादा आत ‘मुस्तफा’ हा मारामारीचा खेळ खेळायचा आणि मी त्याचे दप्तर सांभाळत बाहेर उभी राहायचे, कारण मुलींनी आत जायचे नाही असा नियम कोणी केलेला नसला, तरी एकही मुलगी आत जात नसे. त्यामुळे तो खेळ मी पाहिला कमी आणि ऐकला अधिक. नाणे आत पडल्याचा खणखणाट, मारामारीतले हुंकार आणि डाव अंगाशी येऊ लागला की मुलांचा वाढत जाणारा गलका, एवढ्यावरून दादा जिंकतो आहे की हरतो आहे हे मला गोणपाटाबाहेर कळत असे. आता चाळिशी ओलांडली, पण हँडल हातात धरून मी आजवर एकही डाव खेळलेली नाही.

यजमानांचे म्हणणे असे की हे सगळे खेळ आता मोबाइलवर फुकट मिळतात, तेव्हा त्यासाठी परदेशातला एक दिवस खर्च करू नये. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मला नेमक्या शब्दांत सांगताही येत नाही. म्हणून जाणकारांना विचारते : घरबसल्या मिळणारच नाही असे त्या यंत्रांत काय असते? आणि कधीच न खेळलेल्या माणसाने तेथे सुरुवात कोठून करावी?

उत्तर : संभाजीनगरकर

कंपनीच्या कामानिमित्त शिकागोला गेलो असताना मी या आर्केडमध्ये दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून आधी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नेपरव्हिल आणि ब्रुकफील्ड ही दोन्ही स्थानके मेट्रा या शिकागोच्या उपनगरी रेल्वेच्या एकाच, म्हणजे बीएनएसएफ या मार्गावर आहेत, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही. मात्र काही जलद गाड्या मधल्या स्थानकांवर थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक पाहूनच निघावे. हे आर्केड २०१० साली सुरू झाले. दारात एकदाच प्रवेशशुल्क भरायचे असते आणि त्यानंतर दिवसभर कोणत्याही यंत्रात नाणे टाकावे लागत नाही.

ही नाणी न टाकण्याची सोय वाटते तेवढी साधी नाही. आपल्याकडे खिशात दोन रुपये असत, म्हणून प्रत्येक डाव जपून खेळला जाई आणि हरल्यावर मागे उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहत शिकले जाई. येथे डाव बिघडला की माणूस लगेच शेजारच्या यंत्राकडे वळतो. पहिल्या भेटीत माझे तसेच झाले. पाच तासांत साठ-सत्तर यंत्रांना हात लावला आणि रात्री हॉटेलवर आल्यावर त्यांतले एकही धड आठवेना. दुसऱ्या वेळी मी सात नावे कागदावर लिहून नेली, प्रत्येकाला किमान वीस मिनिटे दिली आणि तो दिवस मला आजही यंत्रागणिक आठवतो. खेळांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ती आधी वाचा, आपली सात-आठ नावे ठरवा आणि आत शिरल्यावर तेथील कर्मचाऱ्यांना विचारा की त्यांतली कोणती यंत्रे आज दुरुस्तीला काढलेली आहेत. इतक्या जुन्या यंत्रांत रोज काही ना काही बंद असतेच आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

दुर्मिळ या शब्दाला सर्वार्थाने पात्र असे तेथील एक यंत्र आवर्जून पाहा. ‘प्रायमल रेज २’ हा खेळ अटारी गेम्सने १९९० च्या दशकात अर्धवट सोडून दिला, तो बाजारात कधी आलाच नाही आणि तरीही तेथे तो उभे राहून खेळता येतो. खेळ म्हणून तो ओबडधोबड आहे. पण जे कधी विकलेच गेले नाही ते कोणीतरी जपून चालू ठेवले आहे, हे पाहताना मी बराच वेळ तेथून हललो नाही.

शक्यतो कामाच्या दिवशी, उघडण्याच्या वेळीच पोहोचा. दोन ओळींमधली वाट अरुंद आहे, प्रकाश मंद आहे आणि शेकडो यंत्रांचा आवाज एकत्र होऊन दोन तासांनी डोके जड होते, म्हणून मधून मधून बाहेर येऊन मोकळ्या हवेत बसावे.

उत्तर : लातूरकर

ताई, तुमच्या यजमानांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि ते निम्मे आधी मान्य करतो. मी लातूरला गंजगोलाईजवळ टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले आणि १९९२ पासून दहा-बारा वर्षे आसपासच्या तालुक्यांतल्या गेमच्या दुकानांची यंत्रे मीच दुरुस्त करत असे. पुढे १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा संगणकीय कार्यक्रम आला. जुन्या यंत्रांच्या चिपमध्ये साठवलेला मूळ खेळ साध्या संगणकावर जसाच्या तसा चालवणे हे त्याचे काम. तो आल्यापासून खेळाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, नष्ट होण्यापासून वाचली, यात शंका नाही.

एक उदाहरण देतो. टायटो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तयार केला. त्यात अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे एकूण ५५ शत्रू असतात आणि त्यातला प्रोसेसर सेकंदाच्या साठाव्या भागात एकच शत्रू पुढे सरकवतो. सगळे शत्रू जिवंत असताना संपूर्ण फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद घेते. जसजसे शत्रू मरतात तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि शेवटचा एकटा उरलेला शत्रू सेकंदाला साठ वेळा सरकतो. खेळाडूच्या छातीत धडकी भरवणारा तो वेग कोणी मुद्दाम बसवलेला नव्हता, तो त्या प्रोसेसरच्या मर्यादेतून आपोआप आला आणि निशिकादो यांनी तो तसाच राहू दिला. हा वेग मोबाइलवरही तंतोतंत मिळतो. येथवर तुमचे यजमान बरोबर आहेत.

आता उरलेले निम्मे. त्याच ‘स्पेस इनव्हेडर्स’च्या उभ्या खोक्यात पिक्चर ट्यूब तुमच्या समोर नसते. ती आत खाली बसवलेली असते, तिचे चित्र एका अर्धपारदर्शक आरशावर पडते आणि आरशाच्या मागे चंद्राच्या पृष्ठभागाचे रंगीत चित्र ठेवलेले असते. ट्यूब कृष्णधवल, तिच्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या, आणि तरीही पाहणाऱ्याला वाटते की शत्रू चंद्रासमोर हवेत तरंगत खाली येत आहेत. ही खोली कोणत्याही सपाट पडद्यावर येत नाही, कारण ती मुळात आज्ञावलीत नाहीच, ती सुताराने आणि काच बसवणाऱ्याने तयार केलेली आहे. त्या यंत्रासमोर उभे राहा तेव्हा मान थोडी डावी-उजवीकडे हलवून पाहा, म्हणजे शत्रू आणि चंद्र यांच्यातले अंतर डोळ्यांना जाणवेल.

यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे व्हेक्टर ट्यूब. आपल्या घरच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे ओळीमागून ओळ आखत वरून खाली येतो आणि पडदा पूर्ण भरतो, मग त्यावर चित्र असो वा काळोख. व्हेक्टर ट्यूबमध्ये तो झोत पेन्सिलीसारखा चालतो. जेथे रेघ हवी तेथेच तो जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढतो आणि बाकीच्या काचेला स्पर्शही करत नाही. अटारीचा १९७९ चा ‘अॅस्टेरॉईड्स’ असा आहे. त्यातली गोळी म्हणजे केवळ एक ठिपका, पण झोत त्या एका बिंदूवर क्षणभर थांबत असल्यामुळे तो ठिपका इतका प्रखर पेटतो की पुढे सरकल्यावर त्याची फिकट शेपटी काचेवर मागे रेंगाळते. त्या रेघांना पायऱ्या पडत नाहीत आणि मागचा काळोख खरोखर काळा असतो. मी आयुष्यभर पिक्चर ट्यूबवर काम केले, पण अशी ट्यूब मी पहिल्यांदा पाहिली ती मुलीकडे परदेशी गेलो तेव्हा, आणि पाहताक्षणी मला कळले की मोबाइलवरचा ‘अॅस्टेरॉईड्स’ हे या यंत्राचे फक्त वर्णन आहे.

रंगीत व्हेक्टर पाहायचे असेल तर १९८१ चा ‘टेम्पेस्ट’ पाहा. त्यात हँडल नाही. एक गोल चकती आहे, तिला वजन आहे आणि बोटांनी झटका देऊन सोडली की ती स्वतःच्या भाराने फिरत राहते. त्या यंत्राचा वेल्स-गार्डनर ६१०० हा मॉनिटर कारागिरांना रडवण्यासाठी प्रसिद्ध आहे, कारण झोत वळवणारे त्याचे ट्रान्झिस्टर वारंवार जळतात. म्हणून तो चालू दिसला, तर त्याच्या मागे कोणाचे तरी कित्येक रात्रींचे काम आहे हे लक्षात घ्या. आर्केडच्या खेळांना लागणाऱ्या अशा ट्यूब आता नव्याने बनत नाहीत. जुन्यातून जुने काढून जुन्याला लावायचे, एवढाच मार्ग उरला आहे.

आमच्या भागात हे जपणे कोणाला जमले नाही आणि त्याचे मला फार वाईट वाटते. आपल्याकडची खोकी प्लायवूडची, स्थानिक सुताराने केलेली, आत वीस इंची टीव्हीची ट्यूब आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेला, बहुधा नक्कल केलेला, खेळाच्या चिप असलेला बोर्ड. वीज जाऊन परत आली की दाब एकदम वाढायचा आणि एलओटी, म्हणजे ट्यूबला उच्च दाबाची वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळायचा. उन्हाळ्यात तर आठवड्यातून दोन-दोन एलओटी मी बदलले आहेत. दुकाने बंद पडल्यावर ती खोकी सरपणाच्या भावाने गेली आणि बोर्डांवरचे तांबे भंगारवाल्याने काढले. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या सीपीएस-२ या बोर्डांची तर आणखी वेगळी अडचण होती. सांकेतिक रूपात साठवलेला खेळ उलगडण्याची किल्ली त्यात एका लहान बॅटरीच्या जोरावर टिकून असे, बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड चांगला असूनही खेळ सुरू होत नसे. असे तीन-चार बोर्ड माझ्या हातून मुके झाले, कारण ती बॅटरी वेळेवर बदलायची असते हे सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही.

उत्तर : नांदेडकर

आपल्या प्रवासात पूर्व किनारा असेल तर न्यू हॅम्पशायर राज्यातील लॅकोनिया येथील फनस्पॉट हेही नाव लक्षात असू द्यावे. १९५२ पासून चालू असलेल्या त्या ठिकाणाची २००८ मध्ये जगातील सर्वांत मोठे आर्केड म्हणून गिनीजने नोंद केली आणि तेथेच जुन्या यंत्रांचे एक संग्रहालयही आहे. ‘पॅकमॅन’मध्ये मिळू शकणारे ३३,३३,३६० हे कमाल गुण मिळवणारा पहिला निर्दोष डाव १९९९ साली तेथेच नोंदला गेला. मात्र शिकागोहून ते फार दूर आहे आणि तेथे बोलिंग वगैरे इतर करमणूकही असल्यामुळे केवळ व्हिडिओ गेमसाठी आपल्याला ब्रुकफील्डच योग्य.

‘पॅकमॅन’ कोठेही खेळा, पण त्याचे मूळ हँडल जरूर हाताळा. ते चारच दिशांना वळते, तिरके जातच नाही, आणि वळणाच्या किंचित आधी ते वळवून धरले की पॅकमॅन कोपरा कापून निघतो. काचेवर बोट घासून ही पकड कधीच येत नाही.

उत्तर : अंबाजोगाईकर

लातूरकर काकांनी लिहिलेले वाचून मी थक्क झाले आणि त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही, परंतु क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. जालनेकर ताई, तुम्ही व्हेक्टर ट्यूबपासून सुरुवात करू नका. ज्या खेळाचा आवाज तुम्ही गोणपाटाबाहेरून ऐकला आहे, त्याच खेळापासून सुरुवात करा. ज्याला आपण मुस्तफा म्हणत आलो तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्याच्या मूळ यंत्रावर तिघांना एकाच वेळी खेळता येते, आणि तुम्ही तिघेच जाणार आहात. यंत्र यादीत आहे का ते पाहून ठेवा आणि असेल तर यजमानांनाही एक हँडल द्या. तीन माणसे खांद्याला खांदा लावून एका पडद्यासमोर उभी राहतात आणि धक्का लागला की एकमेकांना ओरडतात, ही गोष्ट मोबाइलवर कशी मिळते ते त्यांनी मग आपल्याला सांगावे.

मीही तुमच्याच वयाची आहे आणि आमच्या गावात उरुसाच्या वेळी तंबूत लागणाऱ्या गेमसमोर मीही अशीच भावाच्या चपला सांभाळत उभी असायचे. म्हणून एक यंत्र तुम्हाला खास सुचवते. अटारीचा १९८१ चा ‘सेंटिपीड’ हा खेळ एड लॉग यांच्यासह डोना बेली यांनी घडवला, आणि त्या काळी आर्केडचे खेळ लिहिणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यात हँडलही नाही आणि डावपेचांची बटनेही नाहीत. लिंबाहून मोठा एक गुळगुळीत चेंडू अर्धा वर आलेला असतो, तो तळहाताने फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने एक बटन दाबायचे. पूर्वी काही खेळलेले असण्याची गरज नाही. दोन मिनिटांत हात सरावतो, मग वरून अळिंबांमधून वळणे घेत उतरणारी गोम मधोमध तुटून तिच्या दोन गोमी होतात आणि आपण दचकतो. मी पुण्यातल्या एका प्रदर्शनात तो एकदाच खेळले आणि माझ्या मुलीने हात धरून मला तेथून ओढून नेले.

प्रतिसाद : जालनेकर

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. काल रात्री सगळी उत्तरे यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. आरशामागच्या चंद्राची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि सकाळी विचारले की ‘स्पेस इनव्हेडर्स’ यादीत कितव्या क्रमांकावर घातला आहे, तेव्हा तो वाद आमच्या घरात मिटला आहे.

आमचा बेत असा ठरला आहे की मंगळवारी उघडण्याच्या वेळी पोहोचायचे आणि पहिला तास तिघांनी मुस्तफाला द्यायचा. त्यानंतर मी एकटी ‘सेंटिपीड’कडे जाईन आणि दादा तोवर ‘प्रायमल रेज २’ शोधेल. जेवण करून आल्यावर, डोके शांत असताना, ‘अॅस्टेरॉईड्स’, ‘टेम्पेस्ट’ आणि ‘स्पेस इनव्हेडर्स’ ही तीन यंत्रे पाहायची. ‘पॅकमॅन’ शेवटी. एकूण सहा-सातच नावे झाली आणि संभाजीनगरकरांच्या अनुभवावरून तेवढी पुरेत असे वाटते. ‘टेम्पेस्ट’चा मॉनिटर त्या दिवशी चालू आहे की नाही, हे दादा आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारणार आहे.

लातूरकर काका, तुमचे उत्तर मी दादालाही पाठवले. जालन्यातल्या त्या दुकानातले कोपऱ्यातले यंत्र एका उन्हाळ्यात पंधरा दिवस बंद होते आणि नंतर कोणीतरी येऊन ते सुरू करून गेले, असे त्याला आठवते. पडद्याच्या खालच्या भागात तेव्हापासून हिरवट झाक राहिली होती आणि मुस्तफा या पात्राचे पाय कायम हिरवे दिसत, म्हणून मुले त्या यंत्राला हिरवे यंत्र म्हणत. ती झाक कशामुळे राहिली असावी, हे आपण सांगू शकाल का? ब्रुकफील्डला जाण्याआधी कळले, तर तेथल्या पडद्यांकडे मी त्या नजरेनेही पाहीन.

उत्तर : लातूरकर

ताई, एकाच भागात राहिलेली हिरवी झाक बहुतेक वेळा चुंबकत्वाची असते. रंगीत ट्यूबच्या काचेमागे बारीक छिद्रांचा एक पातळ पोलादी पत्रा असतो. त्याला शॅडो मास्क म्हणतात. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा झोत आपापल्याच ठिपक्यावर पडावा, हे त्या पत्र्याचे काम. स्पीकरचे चुंबक ट्यूबच्या जवळ आले की पत्र्याचा तेवढा भाग चुंबकित होतो आणि झोत शेजारच्या रंगावर घसरतो. दुरुस्ती करणाऱ्याने बहुधा नवा स्पीकर ट्यूबच्या खाली फार जवळ बसवला असेल. तारेचे एक गोल वेटोळे विजेला जोडून पडद्यासमोर फिरवत फिरवत हळूहळू मागे नेले की ही झाक जाते, आम्ही त्याला डीगॉस करणे म्हणतो. ब्रुकफील्डला एखाद्या पडद्याच्या कोपऱ्यात तसा डाग दिसला, तर यंत्राच्या बाजूला वाकून स्पीकर कोठे बसवला आहे ते पाहा.